आधी वही, मग यंत्र : वाढत्या पेढीतील कामाचे स्वयंचलन

डिसेंबरात नाशिकचा सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. रविवार कारंजा, दहीपूल, मेनरोड अशा जुन्या बाजारपेठांत पेढी आणि इंदिरानगर, राणेनगर, राजीवनगर या भागांत घर, अशी व्यवस्था गेल्या काही दशकांत शहरातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांनी स्वीकारली आहे. जुन्या वाड्यात खाली पेढी असे आणि वर स्वयंपाकघर. चौविहाराची वेळ झाली की वरून हाक येई, माणूस जिना चढे, जेवून पुन्हा गादीवर येऊन बसे. आता मध्ये निम्मे शहर आहे, मुंबई नाका आहे आणि इंदिरानगरचा तो भुयारी मार्ग आहे, जिथे सायंकाळी वाहनांची रांग हलता हलत नाही. ज्याला सूर्यास्तापूर्वी घरी जेवायचे आहे त्याने पाचच्या आत पेढी सोडली पाहिजे. ती सुटत नाही, कारण दिवसभर गेलेल्या मालाची बिले त्याच वेळी निघू लागतात, ट्रक भरून उभा असतो, चालक घाई करीत असतो, आणि चलन व बिल यांत दोन पेट्यांचा फरक निघालेला असतो. मग डबा पेढीवर येतो, किंवा व्रत रविवारपुरते उरते.

धंदा वाढल्याची ही खूण आहे, हे खरे. परंतु वाढलेल्या धंद्याने घराची वेळ खाल्ली तर त्या वाढीचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा, हा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या पाटावर निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा नव्या पिढीकडून येते. वाणिज्य शाखेत शिकलेला मुलगा किंवा सी. ए.चा अभ्यास केलेली सून सुचविते की, सारे काम संगणकावर साखळीने बांधून टाकावे. मागणी नोंदविली की चलन निघावे, चलनावरून बिल व्हावे, बिलावरून ई-वे बिल तयार व्हावे, खतावणी आपोआप पडावी आणि ग्राहकाच्या मोबाइलवर बाकीची रक्कम जावी. सॉफ्टवेअर विकणारा येऊन हे सर्व दहा मिनिटांत पडद्यावर करून दाखवितो. त्या दहा मिनिटांत सगळ्या वस्तूंची नावे बरोबर असतात, कोणताही ग्राहक माल परत करीत नाही आणि दर मध्येच बदलत नाही.

खरेदी होते. सहा महिन्यांनी जाऊन पाहावे तर पेढीवर दोन पद्धती सुरू असतात. एक पडद्यावरची आणि एक मुनीमजींच्या लांबट वहीतली. अडचण आली की सगळे वहीकडे धावतात. यंत्र वाईट नसते, मुनीमजीही आडमुठे नसतात. जे काम यंत्राने करावयाचे ते काम नेमके कसे होते, हे कोणी कधी कागदावर मांडलेलेच नसते. हा क्रम चुकला की पुढचे सर्व चुकते, आणि क्रम बरोबर लागला तर काय घडू शकते याचा उत्तम दाखला नाशिक जिल्ह्यातच आहे.

इंदिरानगरला लागून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरून जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत शीत कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे जात असतात. दिंडोरी, निफाड, चांदवड या भागांतील द्राक्षे त्यांत असतात. २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि धोक्याची सूचना निघाली. ज्या मालाला उत्तम भाव मिळे तोच माल संशयित ठरला. हा अंश कोणत्या बागेतला, हे सांगता येणे अवघड होते. पेटी एका निर्यातदाराची, पण तिच्यातील माल अनेक बागांचा. एका बागेच्या चुकीसाठी साऱ्या जिल्ह्याच्या नावाला बट्टा लागण्याची वेळ आली.

त्या वेळी अपेडाने, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने, संगणकापासून आरंभ केला नाही. आधी कीडनाशक अंशांच्या तपासणीची योजना आखली गेली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. बागेची नोंदणी कोणाकडे, नमुना कोणी घ्यावा, कोणत्या रसायनांसाठी तपासावा, मर्यादा किती, अहवाल कोणाला जावा, नापास झालेल्या बागेचे काय करावे, हे सारे ठरले. नमुना शेतकऱ्याने आणून देऊ नये, प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत जाऊन स्वतः काढावा, ही बाब वरकरणी किरकोळ वाटते, पण संपूर्ण व्यवस्थेची विश्वासार्हता तिच्यावर उभी आहे. बँकेत रोकड मोजणारा आणि पावती फाडणारा एक नसावा असा जो दंडक आहे, त्याचेच हे बागेतले रूप.

त्यानंतर २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकप्रणाली आली. शेतकरी, कृषी विभाग, प्रयोगशाळा, पॅकहाऊस, निर्यातदार, अॅगमार्कचे प्रमाणपत्र देणारे कार्यालय आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र देणारा अधिकारी, ही सर्व मंडळी एकाच दप्तरावर काम करू लागली. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळाला. तो क्रमांक नमुन्याबरोबर गेला, अहवालावर आला, आणि पेटीवरील खुणेवरून पुन्हा त्याच बागेपर्यंत पोहोचता येऊ लागले. या प्रणालीतील खरी मेख अशी की, मागची कडी पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडतच नाही. तपासणीत बाग उत्तीर्ण नसेल तर अॅगमार्कचे प्रमाणपत्र निघत नाही. ते नसेल तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र निघत नाही, आणि त्याशिवाय कंटेनर युरोपकडे हलत नाही. ओळख, आर्जव किंवा ‘उद्या कागद देतो’ याला जागा राहिली नाही. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांसाठीही याच धर्तीवर व्यवस्था उभ्या राहिल्या.

येथवरची कथा यशाची आहे आणि ती भाषणांतून पुष्कळदा सांगितली जाते. व्यापाऱ्याच्या अधिक उपयोगाची गोष्ट मात्र २०१० ची आहे. त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी ते वापरले जाई आणि बागायतदारांत ते ‘सीसीसी’ या नावाने परिचित होते. कंटेनर अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही भरडले गेले. त्या मालाने साखळीतील प्रत्येक कडी रीतसर ओलांडली होती. नोंदणी होती, नमुना होता, उत्तीर्ण अहवाल होता. फक्त ते रसायन तपासणीच्या यादीत नव्हते. यंत्राने यादीतील सर्व पाहिले आणि यादीबाहेरचे काहीच पाहिले नाही. नंतर ते यादीत समाविष्ट झाले.

पेढीसाठी या प्रकरणाचा अर्थ सरळ आहे. यंत्र यादीप्रमाणे चालते, आणि यादी माणसाने करावयाची असते. ती करणारा माणूस विक्रेत्याच्या कार्यालयात नसतो. तो पेढीतच असतो, बहुधा सर्वांत जुन्या खुर्चीवर.

म्हणून पहिले काम असे की, महिनाभर काहीही विकत न घेता एका मागणीचा प्रवास कागदावर उतरवावा. फोन कोणी घेतला, मागणी कुठे टिपली, दर कोणी सांगितला, माल गोदामातून कोणत्या चिठ्ठीवर निघाला, कमी पडलेला माल कोणाला कळविला, बिल्टी कोणी आणली, पैसे कोणत्या दिवशी आले, आणि आले ते कुठे लिहिले. हे लिहिताना घरातील माणसांनाच आश्चर्य वाटते. थोरल्या भावाला वाटते की दर तोच सांगतो. प्रत्यक्षात निम्मे दर गोदामावरचा माणूस मागच्या बिलावरून सांगत असतो.

उदाहरणादाखल एका मध्यम पेढीचा हिशेब मांडावा. दिवसाला ६० बिले. प्रत्येकाचा तपशील चार ठिकाणी लिहिला जातो: मागणीच्या डायरीत, गोदामाच्या चिठ्ठीवर, बिलात आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर. दर वेळी तीन मिनिटे धरली तरी ७२० मिनिटे, म्हणजे बारा तासांचे श्रम झाले. तोच तपशील एकदाच नोंदवून पुढे सरकत गेला तर तीन तासांत काम होते. उरलेले नऊ तास हा यंत्राचा खरा नफा. शिवाय चार वेळा लिहिताना चार ठिकाणी चुकण्याची संधी असते, ती एकावर येते. मात्र ती एक चूक आता सर्वत्र पोहोचते, हेही विसरून चालणार नाही.

यावरून आरंभ कोठून करावा हेही ठरते. जिथे तोच आकडा सर्वाधिक वेळा लिहिला जातो, ती जागा पहिली. सर्व काही एकदम करण्याचा मोह टाळावा.

त्याआधी आणखी एक कंटाळवाणे काम असते, आणि स्वयंचलनाचे निम्मे यश त्यातच असते: वस्तूंची आणि ग्राहकांची यादी स्वच्छ करणे. एकच साबण ‘लहान’, ‘छोटा’ आणि ‘१०० ग्रॅम’ अशा तीन नावांनी नोंदलेला असतो. एका ग्राहकाची तीन खाती असतात, एक वडिलांच्या नावे, एक मुलाच्या, एक दुकानाच्या. जीएसटी क्रमांक एकाचा, पत्ता दुसऱ्याचा. ही यादी विक्रेत्याच्या नवशिक्या मुलाकडून करून घेणे म्हणजे घराचा पाया परक्याच्या भरवशावर घालणे आहे. मुनीमजी आणि घरातील एक सुशिक्षित व्यक्ती यांनी रोज एक तास बसून ती पुरी करावी. सुनेला व्यवसायाची खरी ओळख करून देण्यास याहून चांगला मार्ग नाही. वर्षानुवर्षे पेढीची नावे केवळ जेवताना ऐकलेल्या त्या व्यक्तीला दोन महिन्यांत कोण कशासाठी माल घेतो आणि कोण कधी पैसे देतो हे कळू लागते.

कायद्यानेही आता ही शिस्त दाराशी आणून ठेवली आहे. ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या पुढे गेली, त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना द्यावयाच्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस आवश्यक झाले. हीच मर्यादा १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींची होती आणि तीन वर्षांच्या आत ती पायरीपायरीने येथवर आली. १० कोटी व त्यावरील उलाढालीच्या व्यवसायांना १ एप्रिल २०२५ पासून बिल तीस दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदविण्याचेही बंधन आहे. जुन्या तारखेचे बिल सावकाश काढण्याची सवय ज्या पेढ्यांत होती, त्यांना ही बाब सर्वांत जाचक वाटली. तसेच सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे देणे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत न दिल्यास, त्या खर्चाची वजावट आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. पुरवठादार निव्वळ व्यापारी असेल तर हा नियम लागत नाही. कोणता पुरवठादार उत्पादक आणि कोणता व्यापारी, हे यादीत एकदा नोंदविले की यंत्र वेळेवर आठवण देऊ शकते. न नोंदविल्यास मार्चअखेर सनदी लेखापालाच्या कार्यालयात ते शोधत बसावे लागते.

सरकारी व्यवस्थेतील एक फजिती बहुतेक वाचकांनी स्वतः अनुभवलेली आहे. ई-वे बिल देशभर १ फेब्रुवारी २०१८ रोजी एकदम लागू करावयाचे होते. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि निर्णय पुढे ढकलावा लागला. मग १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतुकीपुरता आरंभ झाला आणि राज्यांतर्गत वाहतुकीसाठी एकेक राज्य जोडत नेले. महाराष्ट्राची पाळी २५ मे रोजी आली. दुसऱ्या वेळी व्यवस्था तगली. ज्या सरकारजवळ एवढे तंत्रज्ञ आहेत त्यालाही एकदम उडी झेपली नाही, तिथे पेढीने दिवाळीच्या तोंडावर सगळे एकाच दिवशी बदलावे हा हट्ट कशासाठी? लक्ष्मीपूजनाला नव्या वहीबरोबर नवे यंत्र सुरू करण्याची हौस पुष्कळांना असते. पूजन त्या दिवशी अवश्य करावे, पण आरंभ उलाढाल मंदावलेल्या महिन्यात, एका विभागापुरता आणि जुनी पद्धत चालू ठेवून करावा. खाती मात्र १ एप्रिलपासून नव्या ठिकाणी न्यावीत, म्हणजे आरंभीच्या शिलकी एकदाच जुळवाव्या लागतात. दोन्ही पद्धती किती दिवस चालवाव्यात, याची तारीख मात्र आधीच ठरवून भिंतीवर लावावी. नाहीतर त्या कायमच्या शेजारीण होऊन बसतात.

बँकांनी हा शेजार दीर्घकाळ भोगला. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला, आणि मोठ्या शाखांत लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. खतावणी यंत्रावर गेली, बेरजा जुळू लागल्या, सहामाही व्याजाची रात्रपाळी संपली. ग्राहक मात्र हातात पितळी टोकन घेऊन त्याच बाकावर बसून राहिला, कारण धनादेशाचा खिडकीपासून खतावणीपर्यंत आणि तेथून अधिकाऱ्याच्या सहीपर्यंतचा प्रवास पूर्वीइतकाच लांब होता. जुन्या वाटेवर एका ठिकाणी यंत्र बसविले गेले होते, वाट बदलली नव्हती. ती बदलली कोअर बँकिंग आल्यावर. भारतीय स्टेट बँकेने हे काम २००३ मध्ये हाती घेतले आणि २००८ पर्यंत आपल्या सर्व शाखा त्यात आणल्या. खाते शाखेच्या कपाटातून निघून बँकेच्या मध्यवर्ती दप्तरात गेले आणि नाशिकचा खातेदार चेन्नईतही पैसे काढू लागला.

बँकेकडून पेढीने घ्यावा असा एक नियम मात्र यंत्राहून जुना आहे. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा. व्यापारी घरांत यावर हसतात, ‘घरच्या माणसांत कसला संशय?’ म्हणतात. संशयाचा प्रश्नच नसतो. अनेक पेढ्यांत संगणकाचा एकच परवलीचा शब्द वडील, दोन्ही भाऊ, मुनीमजी आणि गोदामावरचा मुलगा या सर्वांना ठाऊक असतो, कधीकधी तो पडद्याच्या कडेला चिकटविलेलाही असतो. एके दिवशी एका मोठ्या ग्राहकाचा दर दोन टक्क्यांनी कमी झालेला आढळतो. कोणी केला, केव्हा केला, कोणाच्या सांगण्यावरून केला, काहीच कळत नाही. मग जे बोलणे निघते ते दरावर थांबत नाही, जुन्या वाटणीपर्यंत जाते. प्रत्येकाचा शब्द वेगळा असता तर एका मिनिटात कळले असते की मुनीमजींनी धाकट्या भावाला विचारूनच तो बदल केला होता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबी सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो पुसता येत नाही. भागीदारी पेढीला किंवा एकमालकी दुकानाला हा नियम लागू नाही. तरीही जिथे दोन भावांची घरे एका गल्ल्यावर चालतात तिथे तो स्वखुशीने लावून घेण्यासारखा आहे.

आता उधारीच्या कुलुपाकडे वळावे. या एका जागी घरात खरा वाद होतो. प्रत्येक ग्राहकाची मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडली की बिल निघूच नये, अशी सोय बहुतेक प्रणालींत असते. नव्या पिढीला ती अत्यंत प्रिय, जुन्या पिढीला ती अपमानास्पद. तीस वर्षे माल नेणाऱ्या माणसाला संगणक ‘नाही’ म्हणणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सटाण्याचा किराणा दुकानदार कांद्याचे पैसे गावात आले की देतो, मालेगावचा एखादा ईदनंतर देतो, आणि दोघेही कधी बुडवीत नाहीत, हे मुनीमजींना माहीत असते. ते यादीत नसते. दुसऱ्या बाजूला, ज्याचे खरोखर बिघडले आहे त्यालाही केवळ संकोचापोटी माल जात राहतो आणि पुढे वसुलीसाठी फेऱ्या मारणाऱ्या तरुणाला तोंड द्यावे लागते.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, त्याचे वैशिष्ट्य वेगात तर होतेच, पण त्याहून अधिक थांबण्यात होते. धागा तुटताच माग आपोआप थांबे, त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि एक कामगार अनेक मागांकडे पाहू शके. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क १,००,००० पौंडांना घेतले. माग थांबल्यावर तुटलेला धागा मात्र माणूसच जोडी. उधारीच्या कुलुपाचेही तसेच असावे. मर्यादा ओलांडली की बिल थांबावे आणि प्रश्न ठरलेल्या एका व्यक्तीकडे जावा. तिने मुनीमजींना विचारावे, कारण दोन शब्दांत नोंदवावे आणि कुलूप उघडावे किंवा बंद ठेवावे. ती नोंद महत्त्वाची, कारण वर्षभरात अशा शंभर नोंदी जमल्या की मुनीमजींच्या मनातले शहाणपण हळूहळू यादीत उतरू लागते. सटाण्याच्या दुकानदारापुढे त्याच्या हंगामाचा महिना लिहिला जातो, आणि पुढच्या वर्षी यंत्र त्याला विनाकारण अडवीत नाही.

मुनीमजींच्या मनात काय चालते, याकडे मात्र बहुतेक घरे दुर्लक्ष करतात. बँकांतील संघटनांनी १९८३ च्या आधी आणि नंतर यंत्राविषयी जी साशंकता दाखविली ती केवळ हट्टाची नव्हती, माणसाची जागा जाईल ही भीती खरी होती, आणि म्हणूनच प्रथम करार आणि मग यंत्र असा क्रम लागला. पेढीत करार होत नाही, पण शब्द देता येतो. ज्या माणसाने आजोबांच्या काळापासून रोजमेळ लिहिला त्याला आधी बोलावून सांगावे की त्याची नोकरी आणि पगार कायम आहे, काम बदलणार आहे. बेरजा सोडून त्याने वसुली, दरांची तपासणी आणि पुरवठादारांशी बोलणी पाहावीत. हे न सांगता यंत्र आणले तर तो विरोध करीत नाही, फक्त विचारल्याखेरीज काही सांगत नाही. पेढीला ते विरोधाहून महाग पडते.

विक्रेत्याशी करावयाच्या बोलण्यांत किमतीची घासाघीस सगळेच करतात. ती जिथे करावयास हवी ते मुद्दे वेगळे आहेत. प्रणाली सोडावयाची झाल्यास पेढीची सर्व माहिती, वस्तू, ग्राहक, शिलकी, मागील वर्षांची बिले, कोणत्याही साध्या तक्त्यात उघडेल अशा स्वरूपात मिळेल काय? दुसऱ्या वर्षापासूनचे वार्षिक शुल्क किती आणि ते कोणत्या प्रमाणात वाढेल? नियम बदलला, जसा जीएसटीत वारंवार बदलतो, तर दुरुस्ती शुल्कात येते की वेगळी? वीज गेली, इंटरनेट गेले, तर ट्रक उभा राहील की हाताने बिल काढून नंतर नोंदविता येईल? ही उत्तरे लेखी घ्यावीत. आणि रोजच्या नोंदींची एक प्रत पेढीबाहेर, घरी, ठेवण्याची सवय लावावी. जुन्या काळी पावसाळ्यात वह्या माळ्यावर नेत असत, तसेच हे.

एवढे सगळे झाल्यावरही बिले सायंकाळीच निघत राहतील, असे काही पेढ्यांत दिसून येईल. त्याचे कारण कागदावर मांडलेल्या प्रवासात सापडते. मागणी दुपारी चारपर्यंत घेतली जाते आणि ट्रक सातला निघतो, एवढेच ते कारण. याला कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडणार नाही. दुपारी दोननंतरची मागणी दुसऱ्या दिवशीच्या गाडीला, हे ग्राहकांना एकदा नम्रपणे कळवावे लागते. पहिले दोन आठवडे कुरकुर होते, एखादा ग्राहक दुसरीकडून माल घेतो. नंतर फोन सकाळी येऊ लागतात. साडेचारला शेवटचे बिल, पावणेपाचला रोजमेळाची बेरीज, गल्ला मुनीमजींच्या समोर मोजून कपाटात, आणि गाडी भुयारी मार्गाशी पोहोचते तेव्हा रांग नुकती लागू लागलेली असते.